पिलाचं बिऱ्हाड

सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली तेव्हा मी दाढी करत होतो. 'आपल्या सदनिकेच्या मागील बाजूस, पाण्याच्या मीटरच्या चेंबरला लागून अनधिकृत केळी उगवल्या असून त्या सात दिवसांत हटवण्यात याव्यात.' खाली सही, शिक्का आणि 'प्रत माहितीसाठी : अध्यक्ष'. अध्यक्ष आमच्या डोक्यावरच राहतात. गॅलरीतून त्यांनी नुसतं 'अहो' म्हटलं असतं तरी मी साबणासकट बाहेर आलो असतो. पण 'अहो' फायलीला लावता येत नाही.

मागे जाऊन पाहिलं. मोठ्या केळीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर दोन पिलं होती. एक चेंबरच्या भिंतीला टेकलेलं, रुंद पानांचं, टवटवीत. दुसरं दोन पेव्हर ब्लॉकच्या फटीतून वर आलेलं, किडकिडीत, पानं तलवारीच्या पात्यासारखी. फट म्हणजे सुरी जाईल न जाईल एवढी. त्यातून येताना पठ्ठ्याने एक ब्लॉक चक्क कलता केला होता. हे ब्लॉक बसवायला गेल्या वर्षी प्रत्येक बिऱ्हाडाकडून साडेतीन हजार काढले होते आणि 'यावरून ट्रक गेला तरी हलणार नाहीत' अशी ठेकेदाराची हमी होती. वरून ट्रक जाण्याची हमी होती. खालून केळ येण्याबद्दल करारात काही नव्हतं.

बायकोने चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "त्यात काय? एक काढून टाकायचं, एक आईपासून सोडवून पलीकडच्या कोपऱ्यात लावायचं. बारा फूट तर आहे." मीही तेच धरून चाललो होतो. त्या बारा फुटांना आम्हाला सव्वीस दिवस लागले, आणि त्यात चार मजले, दोन विंगा, वसई, रावेर आणि अर्धापूर एवढे गुंतले. असो. नमनाला घडाभर तेल झालं, आता घडाकडे वळतो.

आमच्या केळीला खानदान आहे. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंनी ती वसईहून पुण्याला आणली, गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन. जात राजेळी. वसईकडे राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात. रंगाने तपकिरी, दिसायला काही खास नाहीत, आणि एकदा तोंडात टाकल्या की डबा रिकामा होईपर्यंत माणूस बोलत नाही. एसटीच्या कंडक्टरने त्या गोणपाटाचं अर्धं तिकीट मागितलं होतं असं सासूबाई सांगतात. गाठोड्यातून काहीतरी हिरवं हलत होतं आणि तो म्हणाला, यात जिवंत आहे काहीतरी. "जिवंतच आहे, पण पाच वर्षांच्या आतलं आहे," असं म्हणून त्यांनी तिकीट काढलं नाही ते नाहीच.

ती मूळची केळ आता हयात नाही. केळ एकदाच घड देते आणि तिचा कारभार आटोपतो. बुडातून आलेलं पील पुढे घर चालवतं. आत्ता उभी आहे ती आमच्याकडची चौथी. चौथी पिढी म्हणणार होतो, पण ते खरं नाही. खायच्या केळ्यात रुजेल असं बी नसतं. मधे काळे ठिपके दिसतात ते बियांचं फक्त स्मारक. बुडातून जे उगवतं ते मूल म्हणावं तर तसं मूलही नाही, ती तीच केळ पुन्हा. हे ज्ञान मी जेवताना घरात वाटलं, तेव्हा बायकोचा घास थांबला.

"म्हणजे आईने आणली ती केळ अजून तीच आहे?"

"एका अर्थी, हो."

"आणि ती कधीच जाणार नाही?"

"नीट निगा राखली तर नाही."

तिने लगेच वसईला फोन लावला. सासूबाईंना आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही. "मी तेव्हाच म्हटलं होतं जावईबापूंना, कायमची सोय करून जातेय."

सेक्रेटरींशी मात्र मी कायद्याने बोलायचं ठरवलं. शहरातल्या झाडांसाठी आपल्याकडे १९७५ चा कायदा आहे. त्याच्या लेखी वृक्ष म्हणजे लाकूड असलेली, वर्षानुवर्षं टिकणारी वनस्पती. केळीत लाकूड औषधालाही नाही. आपण खोड म्हणतो ते खोडच नव्हे, पानांची बुडं एकात एक घट्ट गुंडाळलेली असतात; खरं खोड जमिनीखाली, तो कंद. थोडक्यात, केळ हे झाडच नाही, ती एक अवाढव्य वाढलेली भाजी आहे. हे सगळं मी त्यांना जिन्यात गाठून सविस्तर सांगितलं. माझा मुद्दा असा होता की झाडच नसेल तर अनधिकृत झाड कुठून आलं?

सेक्रेटरी शांतपणे ऐकून घेतात, हा त्यांचा सर्वांत त्रासदायक गुण. ते म्हणाले, "झाड नाही ना? मग महापालिकेची परवानगी नको. काढून टाका."

गेल्या वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाला चौरंगाच्या चार कोपऱ्यांना चार केळीचे खुंट लागले होते, तेव्हा हेच गृहस्थ पहाटे सहाला माझ्या मागच्या दारी कोयता घेऊन उभे होते. तेव्हा ती केळ अधिकृतच काय, मंगलही होती. पण ही आठवण मला जिन्यात झाली नाही. अशा आठवणी मला नेहमी घरी येऊन चप्पल काढताना होतात.

तर पील हलवणं भाग होतं. आता, केळीला रुजेल असं बी नाही म्हणजे ती आपली आपण लांब जाऊ शकत नाही. तिला पक्षी नेत नाहीत, वारा नेत नाही. न्यू गिनीत कुक नावाच्या दलदलीच्या जागी साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीच्या खुणा सापडल्या आहेत. तेव्हापासून आजवर खायची केळ जिथे जिथे पोचली, तिथे तिथे कुणीतरी वाकून, आईच्या बुडाशी हत्यार घालून, एक पील सोडवून नेलं म्हणून पोचली. आणि माझी खात्री आहे, वाकलेल्या त्या प्रत्येक माणसाच्या पाठीशी चार जण हात बांधून उभे असणार आणि म्हणत असणार, "असं नव्हे, असं नव्हे."

माझ्या पाठीशी पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. "इतक्यात नका हो तोडू," त्या म्हणाल्या. "किती कोवळं आहे. आईच्या बुडाशी आहे तोवर त्याला काही कमी नाही. एकदा सोडवलंत की मग तुम्ही कितीही पाणी घाला, ते आपलं राहत नाही." काकूंचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी सिअॅटलला गेला. दोन वर्षांसाठी.

समोरच्या तळमजल्यावरचे अप्पा नेमके उलट बोलले. "तोडा. आजच तोडा. जितका उशीर कराल तितकं आईला खाणार. ही वरून दिसतात कोवळी, खालून सगळं ओढत असतात." अप्पांचा आवाज असा चढलेला मी निवडणुकीतही ऐकला नव्हता. तेवढ्यात त्यांच्या खिडकीतून हाक आली, "बाबा, चहा झाला का?" हाक मारणारा चौतीस वर्षांचा आहे आणि करोनापासून घरूनच काम करतो. अप्पा चहा टाकायला गेले. जाता जाता मागे वळून पुन्हा म्हणाले, "आजच."

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची सूनबाई कचरा टाकायला उतरली ती थांबली. "काका, पण बारा फूट फारच जवळ होतं ना? मुळं पुन्हा तिथेच जातात." मग बी विंगकडे एक नजर टाकून आवाज खाली आणत म्हणाली, "वेगळं करायचंच तर गेटच्या पलीकडे लावा. म्हणजे दोघींनाही बरं." तिच्या सासूबाई बी विंगमध्ये राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फिरायला निघालेल्या भेटल्या. इकडचं तिकडे कसं पोचतं देव जाणे. त्या म्हणाल्या, "तोडायचंच कशाला मी म्हणते? चेंबरचं काय, चेंबर सरकवता येतं."

मी हे सगळं एका वहीत टिपून घेत होतो. चार दिवसांनी वही उघडली तर तिच्यात केळीविषयी एक अक्षर नव्हतं, आणि सोसायटीच्या जनगणनेला पुरेल एवढा मजकूर होता.

शेवटी मी ऑफिसातल्या रावेरच्या मित्राकडे गेलो. केळीचा विषय निघाला की हा माणूस खुर्ची मागे सारून बसतो.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"एक."

"एक एकर?"

"एक केळ."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "भो, एका केळीला आम्ही लागवड नाही म्हणत. चुकून उगवलं म्हणतो."

त्याच्याकडे पाच बाय पाचवर लागवड असते, म्हणजे एकरी सतराशेच्या वर केळी. जून-जुलैत लावली ती मृगबाग, पावसाळा सरल्यावर लावली ती कांदेबाग. कांदेबागेत कांदा कुठे असतो, असं मी विचारलं. कुठेच नसतो, तो म्हणाला, आणि यावर आणखी प्रश्न नकोत असा चेहरा केला. पिलांबद्दल त्याच्या मनात काडीचंही ममत्व नव्हतं. "पिलं आम्ही विळ्याने उडवतो. पंधरा दिवसांनी परत येतात, परत उडवतो. घड निघेस्तोवर आईचं खाणं दुसऱ्याला मिळता कामा नये. पुढं पीलबाग धरायची असली तर एक ठेवायचं, बस." हा माणूस स्वतःच्या मुलीला सोडायला बालवाडीच्या फाटकाशी गेला होता तेव्हा रडला होता, हे मला ठाऊक आहे म्हणून मी काही बोललो नाही.

त्याची केळ मात्र बड्या घराण्यातली आहे. ग्रँड नैन म्हणजे कॅव्हेंडिश कुळातली, आणि कॅव्हेंडिश हे आडनाव इंग्लंडातल्या डेव्हनशायरच्या ड्यूकचं. १८३० च्या दशकात त्याच्या चॅट्सवर्थच्या हवेलीत जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने काचेच्या घरात, शेगडीची ऊब देऊन ही केळ वाढवली आणि घडाला आणली. कष्ट माळ्याचे, नाव मालकाचं; ही रीत सातासमुद्रापारही तीच. जगाच्या बाजारात मात्र आधी ग्रो मिशेल नावाच्या केळीचं राज्य होतं. पण सगळी तीच एक केळ पुन्हा पुन्हा, म्हणून मुळाला मर रोग लागला तेव्हा एकीला जे झालं ते सगळ्यांना झालं, आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत तो बाजार उठला. मग ड्यूकच्या केळीची पाळी आली. तिलाही आता त्याच रोगाच्या नव्या वाणाने गाठलं आहे. हे मित्राने हलक्या आवाजात सांगितलं, आजारी नातेवाइकाबद्दल सांगतात तसं.

उठताना तो म्हणाला, "आणि हे बघ, रुंद पानाच्या पिलाला भुलू नको. तलवारीच्या पात्यासारखं पान बघ, बूड जाड बघ." मी मान डोलावली. त्या वेळी माझं लक्ष कांदेबागेतल्या कांद्याकडे होतं.

व्हायचं तेच झालं. रविवारी मी एकटाच उठून मागे गेलो आणि दोन पिलांपैकी अर्थातच रुंद पानाचं पसंत केलं. कुणीही केलं असतं. दिसायला भरदार, पानं गुळगुळीत, खात्यापित्या घरचं. शेजारचं ते किडकिडं, फटीतून आलेलं, उभं कसं तर ताठरपणाने. रुंद पानाच्याला मी खुरप्याने थोडं उकरलं, हात घालून हलवलं आणि ते हातात आलं. एवढ्या सहज, की मला माझ्याच ताकदीचं कौतुक वाटलं. खाली कंद म्हणजे लिंबाएवढा, मुळं चार. कोपऱ्यात खड्डा तयारच होता. लावलं, पाणी घातलं, बायकोला उठवून दाखवलं. चौथ्या दिवशी त्याने मान टाकली. आठव्या दिवशी बुडाला बोट लावलं तर बोट आत गेलं.

फोटो रावेरकराला पाठवला. त्याचा फोन आला तो हसतच. रुंद पान लवकर काढणारं पील आईला जेमतेम चिकटलेलं असतं. त्याच्या बुडात साठा नसतो, सगळं वर, दाखवायला. तलवारीच्या पानाचं पील पानं रुंद करायच्या भानगडीत पडत नाही, आईकडून घेतलेलं सगळं खाली कंदात साठवतं. "तू दिसण्यावर गेलास," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सगळेच जातात म्हणा."

इकडे सेक्रेटरींचं स्मरणपत्र क्रमांक एक आलं होतं.

दुसरा प्रयत्न साग्रसंगीत करायचं ठरलं. मृग लागला होता, दोन सरी पडून माती भुसभुशीत झाली होती. आदल्या संध्याकाळी बायकोने आई आणि पील दोघांना बादलीभर शेणकाला घातला आणि म्हणाली, "झालं हिचं केळवण." पहार वॉचमनकडून आली, कुदळ अप्पांनी दिली, इतक्या उत्साहाने की मला त्यांच्या मुलाची काळजी वाटली. सकाळी आठला मी खाली बसलो तेव्हा प्रेक्षक सात होते. साडेआठला अकरा. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले होते.

आधी ब्लॉक काढले. ट्रक पेलणारे ते दोन्ही ब्लॉक हाताने निघाले. मग आई आणि पील यांच्या मधली माती खुरप्याने आणि बोटांनी काढत गेलो. वीतभर खाली गेल्यावर पेन्सिलीएवढी जाड, पांढरीशुभ्र मुळं दिसायला लागली. तुटली की कुडुक असा आवाज यायचा, काकडी मोडल्यासारखा. आणखी खाली पिलाचा कंद, चांगला नारळाएवढा, आणि त्याच्यापासून आईच्या कंदाकडे गेलेला एक जोड, मनगटाएवढा. एवढ्या किडकिडीत पोराचा एवढा मोठा पसारा खाली असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सगळेच वाकले. अप्पा म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

एव्हाना माझ्या अंगावर चीक उडाला होता. केळीचा चीक उडतो तेव्हा अगदी पाण्यासारखा असतो, त्यामुळे माणूस गाफील राहतो. दुपारपर्यंत तो तपकिरी होतो आणि मग जगातला कुठलाही साबण त्याला हलवू शकत नाही. राजेळीच्या घरातली लेक असल्याने बायकोने आदल्या रात्रीच जुना शर्ट काढून ठेवला होता. प्रेक्षक येणार म्हणून मी बरा घातला. त्या शर्टाच्या पोटावर आता कोकण किनारपट्टीचा बऱ्यापैकी अचूक नकाशा आहे. सिंधुदुर्गाकडे थोडा फाटलाय.

जोड दिसला आणि काम थांबलं. घाव कुठे घालायचा? इंजिनिअर म्हणाले, बरोबर मध्यावर, पंचेचाळीस अंशात. अप्पा म्हणाले, कुठेही घाला पण घाला. काकू म्हणाल्या, मला बघवत नाही, आणि जागच्या हलल्या नाहीत. सूनबाई म्हणाली, करवतीने हळूहळू कापलं तर? कुणीतरी फोनवर चित्रफीत लावली, ती फिलिपिन्समधली निघाली आणि त्यातला माणूस त्यांच्या भाषेत अतिशय खात्रीपूर्वक काहीतरी सांगत होता. मी पहार उचलायचो, खाली ठेवायचो.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी मघापासून मागच्या दारात उभ्या होत्या. आमची मोरी मागच्या बाजूला, आणि मोरीकडे जायच्या वाटेवर बारा माणसं आणि एक खुर्ची. मावशींना अजून तीन घरं उरकायची होती.

"सरका जरा, दादा," त्या म्हणाल्या. माझ्या हातातली पहार घेतली. "मायच्या अंगानं घालावं. लेकराच्या अंगानं घातलं तर त्याचा कांदा मायपाशीच राहतो. मग काय लावणार, पानं?" बोलता बोलताच पहार जोडावर, आईच्या बाजूला टेकवली, पाय दिला आणि एकच हिसका. कच्. पील आडवं झालं.

"झालं. भांडी कुठंयत?"

मावशींचं माहेर अर्धापूरकडचं, नांदेडजवळचं. अर्धापुरी केळी जिथली म्हणतात तिथलं. पाच वर्षं त्या आमच्याकडे येतात, रोज त्या केळीला मोरीचं पाणी घालतात, आणि तीन आठवडे मी सल्ले गोळा करत हिंडत होतो तो त्यांना सोडून. तसं मी त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही कुटं इचारलं?" आणि नळ सोडला.

कंदाची मुळं छाटली, कापल्या जागी मावशींच्या सांगण्यावरून राख चोळली. पुण्यात राख मिळवणं हे एक वेगळंच प्रकरण आहे. ती शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने दिली, कोळशाची, आणि कशाला हवी म्हणून संशयाने विचारलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर छाटलेला कंद साडेसहाशे ग्रॅम भरला. रावेरकराचं म्हणणं होतं अर्धा-पाऊण किलो, तेव्हा परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. खड्डा दीड फुटाचा, त्यात दोन घमेली शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. पिलाला उभं केलं, माती लोटली, पायाने दाबली. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात रावेरकराच्या हुकमाप्रमाणे मी विळा घेतला आणि पिलाची सगळी पानं, वरच्या बुंध्यासकट, वीतभर ठेवून साफ उडवली.

काकू किंचाळल्या. बाकीचेही माझ्याकडे असे बघायला लागले की जणू एवढा वेळ मी सज्जनाचं सोंग घेतलं होतं. मी समजावून सांगितलं की मुळं छाटलेली आहेत, पानं ठेवली तर ती पाणी उडवतील आणि खालून पुरवठा नाही. कुणाला पटलं नाही. अप्पासुद्धा म्हणाले, "एवढं नव्हतं करायचं." हळूहळू सगळे पांगले. जमिनीतून वीतभर वर आलेला, सपाट कापलेला एक हिरवट-पांढरा खुंट तेवढा राहिला. वरून पाहिलं तर कापलेल्या कांद्यासारखी एकात एक वर्तुळं.

सकाळी अकराला कापलं होतं. संध्याकाळी सहाला सहज डोकावलो तर खुंटाचा मधला भाग वर आला होता. सगळ्यात आतलं, अजून जन्मायचं असलेलं पान, गुंडाळलेल्या कागदाच्या सुरळीसारखं, बाकीची वर्तुळं जागच्या जागी ठेवून सरळ वर सरकलं होतं. बोट लावून मोजलं, दोन पेरं. सात तासांत. मी काकूंना हाक मारली. त्या टॉर्च घेऊन आल्या, वाकल्या, बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी फोन काढला, सिअॅटलला लावला, कॅमेरा खुंटाकडे वळवला आणि म्हणाल्या, "हे बघ. आज सकाळी तोडलं." पलीकडे सकाळचे साडेपाच वाजले होते. तो झोपेत "काय आहे ते?" असं तीनदा म्हणाला.

नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. सासूबाईंची रोज चौकशी. पहिले पंधरा दिवस पाणी बेताचं, हा त्यांचा एकमेव आणि निक्षून सांगितलेला सल्ला. "पोर नव्या घरी गेलं की सगळ्यांना त्याचा पुळका येतो. लाड केलेत की बुडातून सडतं." सुरळी उलगडून पहिलं पान आलं, अरुंद, जरा फाटकं. आठ-दहा दिवसांनी दुसरं. सेक्रेटरींनी स्थळपाहणी करून फाइल बंद केली आणि श्रावणात येऊन सत्यनारायणासाठी चार खुंटांची आगाऊ नोंद केली. आईच्या बुडाशी तोवर नवीन तीन टोकं आली होती. त्यातलं एक पुन्हा चेंबरकडे.

आणि याच दरम्यान अप्पांचा मुलगा वेगळा राहायला गेला. अप्पांनी मनावर घेतलं असावं. त्याने भाड्याने जागा घेतली ती बी विंगमध्ये, पहिल्या मजल्यावर. अप्पा दोन दिवस हवेत होते. भेटेल त्याला सांगत होते, वेळच्या वेळी तोडलं, दोघांचंही भलं झालं. काल रात्री आठच्या सुमाराला मी पिलाला तांब्याभर पाणी घालत होतो तर अप्पा लगबगीने बी विंगकडे निघालेले. हातात चार पुडांचा स्टीलचा डबा, वरच्या पुडातून वाफ येत होती, काखेत इस्त्रीचे कपडे.

माझ्या हातातला तांब्या पाहून ते थबकले. "पाणी बेताचंच घालताय ना?" त्यांनी कडक आवाजात विचारलं, आणि आमटी गार होईल म्हणून पुढे गेले.